प्रकरण सातवे : ‘ढ’ कोणाला म्हणावे?

१. एक घर आणि एक प्रश्न

एक घर कल्पू या. सांगली जिल्ह्यातील एखादे तालुक्याचे गाव. वडील कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करणारी, आणि चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा. हा मुलगा आजीकडून ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजांसकट सांगतो, बंद पडलेला पंखा उघडून पुन्हा जोडतो, आठवडी बाजारात सुट्या पैशांचा हिशेब आईच्या आधी करतो; परंतु मराठीचे पुस्तक समोर ठेवून पहिला परिच्छेद वाच म्हटले, की त्याचे बोट पहिल्याच ओळीवर अडते, कपाळाला घाम फुटतो, आणि ‘घर’ या शब्दापाशी ‘धर’ असे काहीतरी पुटपुटून तो आईच्या तोंडाकडे पाहू लागतो. शाळेतल्या बाईंचे म्हणणे, मूल आळशी आहे. शेजारणीचे म्हणणे, मोबाइलपायी लक्ष उडाले आहे. आजोबांचे म्हणणे, याचा बापही असाच होता, पुढे आला की वळणावर. शिकवणी लावून झाली, नवस बोलून झाला, चार धपाटेही घालून झाले. आणि शेवटी एका रात्री ती माउली विचारते : हा ढ आहे की आळशी? आणि दोन्ही नसेल, तर न्यायचे तरी कोणाकडे?

या प्रश्नात खरे पाहता दोन प्रश्न आहेत. हे आहे काय, हा पहिला. आणि कोणाचे दार ठोठवावे, हा दुसरा. पुष्कळ घरांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या आधी शोधले जाते, आणि मग भिंतीला ओल कोठून येते हे न पाहता वर्षानुवर्षे तिच्यावर रंगाचे हात देत राहावे तसे होते. शिकवणी हा असाच एक रंगाचा हात आहे. म्हणून आधी ओल कोठून येते ते पाहू.

तत्पूर्वी ‘ढ’ या अक्षराविषयी दोन शब्द. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत इतर सर्व अक्षरांची वळणे पालटत गेली, परंतु ‘ढ’ जवळजवळ होता तसाच राहिला, आणि म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्याला ‘ढ’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती आपल्याकडे मोठ्या हौसेने सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, तिच्यात दडलेला समज मात्र तपासण्याजोगा आहे : जो शिकत नाही तो शिकणारच नाही. प्रस्तुत प्रकरणाचा सारा विषय या समजाच्या विरुद्ध बाजूस आहे.

२. वाचणे ही निसर्गदत्त गोष्ट नव्हे

मूल बोलावयास शिकते ते कोणी शिकवल्याने नव्हे. माणसांच्या गोतावळ्यात वाढले की ते बोलू लागते. वाचनाचे तसे नाही. मानवजात बोलू लागून कित्येक सहस्रके लोटली, तर लेखन हे जेमतेम पाच हजार वर्षांचे; त्यामुळे वाचनासाठी म्हणून मेंदूत निराळी जागा निसर्गाने राखून ठेवलेली नाही. पाहण्याचे, ऐकण्याचे आणि बोलण्याचे जे व्यवहार आधीपासून चालू होते, त्यांच्यामध्येच पूल बांधून प्रत्येक मुलाला ही विद्या नव्याने कमवावी लागते. डोळ्यांना दिसलेली खूण अमुक एका ध्वनीची आहे, हे नाते जुळणे हा त्या पुलाचा पहिला खांब. आणि ते नाते विचार न करता, आपोआप, क्षणार्धात जुळणे हा दुसरा.

दुसऱ्या खांबाचे महत्त्व स्वयंपाकघरात चटकन कळते. नवशिकी मुलगी पोळी लाटते तेव्हा तिचे सारे चित्त लाटण्याच्या टोकाशी एकवटलेले असते. पोळीचा नकाशा होऊ नये या धडपडीत तव्यावरची पोळी करपते. तीच मुलगी दोन वर्षांनी पोळ्या लाटता लाटता भावंडांची भांडणे सोडवते, कारण हाताचे काम हाताकडे गेलेले असते आणि चित्त मोकळे झालेले असते. वाचणाऱ्याचेही असेच आहे. अक्षरे ओळखण्याचे काम आपोआप होऊ लागले, तरच अर्थ लावावयास चित्त मोकळे राहते. साठ शब्दांचा परिच्छेद वर्गातील एक मूल एका मिनिटात वाचते आणि आपल्या या मुलाला त्यासाठी चार मिनिटे लागतात असे समजा. चौथ्या मिनिटाला तो शेवटच्या वाक्यापर्यंत पोहोचेतो पहिले वाक्य ओंजळीतल्या पाण्यासारखे निसटून गेलेले असते. बाई विचारतात, ‘काय समजले?’ तो गप्प. मग शेरा पडतो, ‘आकलन नाही.’ वस्तुतः तोच परिच्छेद कोणी मोठ्याने वाचून दाखवला असता, तर त्याने त्यातील खाचाखोचांसह तो सांगितला असता.

आता यावर एक आक्षेप हमखास येतो, की हे इंग्रजीचे झाले. आपली लिपी तर जसे बोलावे तशी लिहिली जाते, तीत अडचण कसली? आक्षेप अर्धा खरा आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे जे दहा उच्चार होतात ते देवनागरीत होत नाहीत, हे खरे. परंतु नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी एकदा आपल्या लिपीकडे पाहा. ‘कि’ लिहिताना ह्रस्व वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारताना मात्र ‘इ’ नंतर येते. ‘गर्व’ या शब्दात रफार बसलेला असतो ‘व’च्या डोक्यावर, आणि त्याचा उच्चार होतो ‘व’च्या आधी. एकटा ‘र’ घेतला तर तो कधी डोक्यावर चढतो, कधी ‘क्रम’मध्ये पायाशी तिरका पडतो, ‘ट्रक’मध्ये काकपदासारखा खाली लटकतो, आणि ‘तऱ्हा’मध्ये निराळेच रूप घेतो; आणि हा फरक केवळ शोभेचा नाही, कारण ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत गुरुजी यावयाचे की स्वयंपाकी हे त्यावरच ठरते, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि खोरी यांचे अंतर असते. ‘चमचा’ या लहानशा शब्दातील पहिला ‘च’ टाळूचा आणि दुसरा दातांजवळचा. लिपी मात्र दोघांना एकच चिन्ह देते. त्यातून ध-घ, भ-म, थ-य, ब-व या जोड्या दिसण्यात जुळ्या भावांसारख्या, आणि त-थ, द-ध, ट-ठ या ऐकण्यात. काना, मात्रा, उकार, अनुस्वार यांची मांडणी अक्षराच्या चहूबाजूंनी. आपल्याला हे सारे सोपे वाटते, याचे कारण पोळी आपल्याला आता न पाहता लाटता येते.

ज्या मुलांची बुद्धी, दृष्टी आणि श्रवण ठीक असून, शाळेत नियमित जाऊनही, ध्वनी आणि चिन्ह यांचा हा पूल बांधण्यात अडथळा येतो, त्यांच्या स्थितीस ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे सरकारी दफ्तरी नाव आहे. वाचनाशी निगडित असेल तर डिस्लेक्सिया, लेखनाशी असेल तर डिसग्राफिया, अंकगणिताशी असेल तर डिसकॅल्क्युलिया. जगभरच्या पाहण्या लक्षात घेता शाळकरी मुलांपैकी पाच ते पंधरा टक्क्यांना यांपैकी काही ना काही असते असे मानतात. चाळीसांच्या वर्गात निदान दोघे तरी. त्यातच मराठी शाळेत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आल्याने, अशा मुलाला एक पूल पुरता बांधून होण्याआधीच दुसऱ्याचा पाया खणावा लागतो.

३. सीफर्डचा मुलगा आणि पॅरिसची चाचणी

ज्या वर्षी मुंबईत प्लेगने पाय ठेवला, त्याच १८९६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा तरतरीत, संभाषणात चतुर, अंक बिनचूक वाचणारा. पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत, आणि स्वतःचे नाव लिहितानाही तो मधली अक्षरे उलटसुलट करी. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदवून ठेवले आहे. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने मेंदूच्या आजाराने वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी योजला होता. उपजत अडचण असलेल्या मुलांना तो पुढे लागू झाला. आपल्याकडे सर्वसामान्य घरांत या शब्दाचा प्रवेश व्हावयास २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाची वाट पाहावी लागली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. जी गोष्ट शंभर वर्षांच्या वैद्यकीय वाङ्मयाने झाली नाही ती पडद्यावरच्या एका मुलाच्या रडण्याने झाली.

दुसरी हकीकत पॅरिसची. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली तेव्हा त्यांपैकी कोणाला जादा साहाय्य लागेल हे ओळखावे कसे, असा पेच तेथील शिक्षणखात्यापुढे पडला, आणि आल्फ्रेड बिने व थिओदोर सिमाँ यांनी १९०५ साली त्यासाठी एक चाचणी रचली. हेतू मदतीचा होता, प्रतवारीचा नव्हता. पुढे जगाने तिचे काय केले हा निराळा विषय. आपल्याकडे धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी त्या चाचणीची आवृत्ती तयार केली, आणि ‘कामत चाचणी’ या नावाने ती आपल्या चिकित्सालयांत चांगलीच रुळली.

बुद्ध्यंक हा शब्द त्यातूनच आला. त्याचे जुने गणित सोपे आहे : मूल दहा वर्षांचे असून सर्वसाधारण नऊ वर्षांच्या मुलाला सुटतात तितकेच प्रश्न त्याला सुटत असतील, तर नऊ भागिले दहा गुणिले शंभर, म्हणजे नव्वद. आता हा आकडा वेगळ्या रीतीने काढतात, परंतु भाव तोच. मुद्दा असा, की अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा हा आकडा इतरांइतका, कधी त्यांच्याहून वरचढही असतो. बुद्धी आणि वाचन यांमधली फारकत हीच येथे लक्षात घ्यावयाची खूण.

४. तपासणी

आता आपल्या कल्पित आईला घेऊन निघू. पहिले दार मानसशास्त्रज्ञाचे नव्हे. नेत्रवैद्याचे आणि कानाच्या डॉक्टरचे. चष्म्याचा नंबर किंवा कानातला जुना स्राव यांमुळे अडलेल्या मुलावर ‘अक्षमता’ असा शिक्का बसू नये, एवढ्यासाठी. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ जन्मापासूनचा इतिहास विचारतो : मूल कधी बोलू लागले, फेफरे आले होते का, घरात आणखी कोणाला असे होते का. या शेवटच्या प्रश्नाला वडिलांनी मान खाली घातली, आणि आई म्हणाली, ‘नाही.’

मग मानसशास्त्रज्ञ. बुद्ध्यंकाची चाचणी होते आणि तिच्या जोडीने वाचन, लेखन, शुद्धलेखन व गणित यांची पायरीपायरीने तपासणी होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच यासाठी सरकारमान्य आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणीने मोजू नये, ही साधी गोष्ट पाळावयास आपल्याला फार वेळ लागला. हरयाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाचा जो संच काढला त्यात हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीलाही स्थान मिळाले, ही त्या दृष्टीने मोलाची घटना. तपासणी एका बैठकीत आटोपत नाही, आणि आटोपली तर संशय घ्यावा. आठ वर्षांच्या आधी निश्चित निदान करीत नाहीत, कारण काही मुले नुसती सावकाश फुलणारी असतात. मात्र निदान नाही म्हणून मदतही नाही, असा अर्थ काढणे चूक.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका इस्पितळांत अध्ययन-अक्षमतेची स्वतंत्र चिकित्सालये चालतात, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही पालक व तज्ज्ञांची संस्था १९९६ पासून काम करते आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभी केलेली आय.पी.एच. ही संस्था मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या मनाचे काम एका छपराखाली करते. सांगलीच्या आईला यांपैकी बहुतेक सर्व दूर आहेत, ही या परंपरेची दुसरी बाजू.

५. दाखला म्हणजे शिधापत्रिका

तपासणीत अक्षमता निष्पन्न झाली की दाखल्याचा प्रश्न येतो, आणि येथे सरकारदरबारी काय तजवीज आहे हे नीट समजून घ्यावे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते व त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती; २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ती यादी एकवीसपर्यंत वाढवली व तीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी व्हावी, दाखल्याची चौदाव्या वर्षी फेरतपासणी व्हावी, आणि अठराव्या वर्षी दिलेला दाखला तहहयात चालावा असा क्रम ठरला. कायदा येण्याच्या पुष्कळ आधी, १९९६ सालीच, महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या होत्या, हे या राज्याच्या श्रेयाचे.

सवलतींपैकी सर्वांना ठाऊक असलेली म्हणजे वाढीव वेळ. दर तासाला निदान वीस मिनिटे, असा हिशेब. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक, एकूण चार तास. याशिवाय लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांविषयी उदारपणा, आणि भाषा व गणितात काही पर्याय. कित्येकांना हे पक्षपाताचे वाटते. ज्याचा पाय अधू आहे त्याला जिन्याऐवजी उतार दिला तर तो इतरांच्या आधी वर पोहोचतो असे कोणी म्हणत नाही. परंतु अक्षरांपाशी अडखळणारा पाय दिसत नाही, म्हणून येथे तक्रार होते.

तथापि, दाखल्याविषयी माझे एक गाऱ्हाणे आहे, आणि ते सरकारविषयी नसून आपणा पालकांविषयी आहे. पुष्कळ घरांत दाखल्याची आठवण होते ती दहावीच्या तोंडावर. अर्ज, शिक्के, मंडळाची मुदत यांसाठी इस्पितळाच्या खिडकीपाशी धावपळ उडते, दाखला पदरात पडतो, आणि घरात हुश्श होते. शिधापत्रिका हातात आली म्हणजे जेवण झाले असे आपण समजत नाही; तिच्यावर धान्य आणावे लागते, दळावे लागते, शिजवावे लागते. दाखला वेळ देतो. वाचावयास शिकवणे त्याच्या हाती नाही.

६. धूळपाटी

वाचावयास शिकवण्याच्या या निराळ्या रीतीला ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणतात. बोलताना सारे ‘रेमेडियल’ म्हणतात. शिकवणीत आणि तिच्यात भेद असा, की शिकवणी चौथीचा अभ्यास पुन्हा एकदा चौथीच्याच वेगाने घेते, तर येथे शिक्षिका मुलाला ज्या पायरीवर त्याचा पाय पहिल्यांदा घसरला तिथपर्यंत खाली नेते, मग ती पायरी पहिलीची का असेना. शब्दातले ध्वनी टाळ्यांनी मोजणे. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते हे नुसते कानाने ओळखणे. एक मात्रा पक्की झाल्याखेरीज दुसरीला हात न घालणे. ‘ध’ आणि ‘घ’ एकाच दिवशी न शिकवणे. आणि रोज थोडे, पण न चुकता. आठवड्याला दोन-तीन बैठका, त्याही महिनोन्‌महिने. यात चमत्कार नाही. चमत्काराची हमी देणाऱ्या गोळ्या, चष्मे आणि ‘मेंदूचे व्यायाम’ बाजारात मिळतात, आणि त्यांच्यापायी खर्च झालेल्या पैशापेक्षा वाया गेलेली वर्षे अधिक मोलाची असतात.

या पद्धतीत एक गंमत आहे. सॅम्युअल ऑर्टन हा अमेरिकन डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम ही शिक्षिका यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी रीत बसवली, तीत मुलाने अक्षर पाहावे, त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावा आणि त्याच वेळी बोटाने ते गिरवावे, असा क्रम आहे. आणि त्यासाठी वाळूचे तबक वापरतात. वाळूचे तबक! आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ही दुसरी काय होती? फळीवर धूळ पसरून, बोटाने अक्षर काढीत, मोठ्याने घोकीत कित्येक पिढ्या शिकल्या. धूळपाटीने डिस्लेक्सिया बरा होई असे मात्र कोणी समजू नये. पंतोजींच्या हाती छडीही असे, आणि जे शिकू शकले नाहीत त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

७. सकाळची पोटदुखी

आतापर्यंत आपण मुलाच्या अक्षरांविषयी बोललो. आता त्याच्या पोटाविषयी. आपल्या कल्पित मुलाचे सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही. सुटीत दुखत नाही, जून उजाडला की दुखू लागते. आईला वाटते सोंग. परंतु वेदना खरी असते. भीती ही नुसती मनात राहत नाही. ती आतड्यांत उतरते, झोपेत शिरते, अंथरूण ओले करते. दिवसाचे पाच तास, वर्षानुवर्षे, चारचौघांसमोर ज्याला न येणारी गोष्ट करून दाखवावयास सांगितली जाते, त्याच्या मनाचे काय होत असेल याची कल्पना मोठ्यांनी स्वतःच्या कचेरीत बसून करावी.

यातून दोन वाटा फुटतात. काही मुले आत वळतात : बोलेनाशी होतात, ‘मला काहीच येत नाही’ असे म्हणू लागतात, खेळावरचे मन उडते. काही बाहेर वळतात : वर्गात विदूषकी करतात, मारामाऱ्या करतात, कारण ‘वात्रट’ हे बिरुद ‘ढ’पेक्षा पुष्कळ बरे. शिवाय चंचलता व अवधानाचा अभाव ही स्वतंत्र स्थिती अध्ययन अक्षमतेच्या जोडीने वरचेवर आढळते. दोन्ही असतील तर दोन्हींचा विचार करावा लागतो. म्हणून समुपदेशक आणि उपचारात्मक शिक्षिका ही दोन माणसे एकमेकांशी बोलणारी हवीत. प्रत्यक्षात एकीचे दार शिक्षणखात्यात उघडते, दुसऱ्याचे आरोग्यखात्यात, आणि दाखल्याचे तिसरीकडे. मुलाची व्यथा मात्र खातेवार येत नाही.

आणि ती एकट्या मुलाचीही राहत नाही. गेले सहा महिने या आईला झोप नाही. शिलाईचे काम हातून होत नाही. जेवणाची वासना नाही. सासू म्हणते, तूच लाडावलेस. मुलाचा केसपेपर काढणाऱ्या त्या खिडकीपाशी आणखी एक केसपेपर निघावयास हवा होता, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

८. मोठ्यांची दारे

येथे प्रथम नावांचा घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा चाचण्या व मानसोपचार करणारा. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि ती आहे का हे विचारण्यात संकोच नसावा. समुपदेशक प्रसंगाच्या ताणातून वाट काढावयास मदत करतो. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणे मात्र फार सोपे आहे, तेव्हा शिक्षण विचारावे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि चिंता व उदासीनता यांसारख्या नेहमीच्या विकारांत सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. कारण उघड आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार गावांची नावे घेतली की आपल्याकडे माणसे डोळे मिचकावतात. मनाच्या इस्पितळात जाणे म्हणजे ‘तिकडे’ जाणे, हा समज पिढ्यांचा आहे. १९१२ चा कायदाच मुळी ‘वेड्यां’चा होता, तो जाऊन १९८७ चा आला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो पुढच्या वर्षी अमलात आला, उपचार मिळणे हा हक्क केला, रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले, विम्यात शरीराचा व मनाचा आजार समान मानण्यास सांगितले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे तर तीव्र ताणाखालील माणूस म्हणून पाहण्याचा दंडक घातला. सांगलीच्या आईला यांतले कलम ठाऊक असण्याची गरज नाही. तिने एवढेच जाणावे, की जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तो येरवडा नव्हे; आणि तेथे जाण्यास धीर होत नसेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक, जो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, अहोरात्र मराठीतही बोलतो.

पण तज्ज्ञ आणावयाचे कोठून? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधले गेले. तेथील ‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खाजगी दवाखान्यांत एक प्रयोग केला, ज्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु त्याच भागातील भाषा व चालीरीती जाणणाऱ्या व्यक्तींना समुपदेशनाचे थोडक्या मुदतीचे शिक्षण देण्यात आले. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा स्पष्ट गुण दिसला, खाजगी दवाखान्यांत तितका दिसला नाही. हा भेदही बोलका आहे. विदर्भात तीस खेड्यांत अशाच धर्तीवर गावातल्याच माणसांकरवी काम झाले, तेव्हा उदासीनतेने ग्रस्त असून कोठेतरी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. सत्तावीस म्हणजे अजून चौथा हिस्साच, असे कोणी म्हणेल. पण आधीच्या चाराशी ताडून पाहावे.

९. वडिलांचा प्रश्न

आपल्या कल्पित घराकडे परत येऊ. मुलाची तपासणी झाली, अहवाल आला, मानसशास्त्रज्ञ बाई त्याचा अर्थ समजावून सांगत आहेत : अक्षरे उलटणे, ओळ चुकणे, वाचलेले विसरणे, ऐकलेले मात्र लक्षात राहणे. आईचा स्वतंत्र केसपेपरही अखेर निघाला आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले वडील, जे इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते, ते अचानक विचारतात, ‘बाई, ही तपासणी मोठ्या माणसाची होते का?’

होते. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक. आणि तो वयाबरोबर जात नाही, माणूस त्याला वळसा घालावयास शिकतो. हा फिटर यंत्राचा नकाशा एका नजरेत उलगडतो, परंतु यंत्राबरोबर आलेली सूचनापुस्तिका सहकाऱ्याला ‘चष्मा विसरलो’ म्हणून वाचावयास देतो. बढतीसाठी लेखी परीक्षा होती म्हणून त्याने बढती नाकारली. बँकेचा कागद तो घरी आणतो आणि बायकोकडून भरून घेतो. पंचवीस वर्षे त्याने हे लपवण्यात जे चातुर्य खर्च केले, तेवढ्यात माणूस दोन भाषा शिकला असता. प्रौढांची तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांत सापडतात. कायद्यानेही अठराव्या वर्षानंतरचा दाखला मान्य केला आहे, आणि सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांसाठीच्या राखीव जागांत अध्ययन अक्षमतेचाही वाटा आहे. शिवाय मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे आणि बोललेले लिहून घेणारे साधन आता खिशातल्या फोनमध्येच असते, आणि ते मराठीही जाणते.

बाईंनी हे सर्व सांगितले. मग त्यांनी एक छापील अर्ज पुढे केला, तो खालच्या मजल्यावरील नऊ नंबरच्या खिडकीवर भरून द्यावयाचा होता. वडिलांनी तो सवयीने घडी करून खिशात घातला, जिना उतरले, दारापर्यंत गेले, तेथे थोडे थांबले. मग मागे वळून खिडकीपाशी आले, घडी उलगडली, आणि आतल्या कारकुनाला म्हणाले, ‘साहेब, हा जरा वाचून दाखवता का? मला वाचायला जड जातं.’

मुलगा शेजारीच उभा होता.